अनुमोदक रामहरी

गावाचं नाव सांगणार नाही. कळंबच्या पुढं, चारीच्या कडेला, एवढं पुरे. नाव सांगितलं तर दोन माणसं माझ्या दारात भांडायला येतील, आणि या वयात मला भांडणं ऐकायला आवडतात, करायला नाही.

रामहरी आमच्या गावचा. पाटबंधारे खात्यात पाटकरी होता. कालव्याचं पाणी चारीत सोडायचं, ते ज्याच्या त्याच्या पाळीनं रानात पोचतंय का बघायचं, आणि कुणी चारीत चोरून नळी घातली असली तर ती फोडायची, हे त्याचं काम. छत्तीस वर्षं केलं. या नोकरीत माणूस एक तर खाऊन सुटतो, नाहीतर शिव्या खाऊन वाळतो. रामहरी वाळला. माझी स्वतःची नळी त्यानं दोनदा फोडली. दुसऱ्या वेळी तर मी त्याला घरी बोलावून चहा पाजला होता. त्यानं चहा पिला, कप विसळून उंबऱ्यापाशी पालथा घातला आणि मग पहार घेऊन गेला.

त्याच्या देशभक्तीची गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती पहारीपासूनच सुरू होते. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी कालव्याला एकच पाळी सुटणार होती. आमच्या गावानं ठरवलं, गेट आपल्याकडं उघडं ठेवायचं, चारीच्या टोकाचं गाव गेलं उडत. टोकाच्या गावाला आमच्याकडं टेल म्हणतात. ठरवणाऱ्यांत मी होतो, खोटं कशाला बोलू. आम्ही वीस-पंचवीस जण गेटवर गेलो, तर रामहरी चाकाला पाठ लावून बसलेला. भाकरी तिथंच, पाणी तिथंच. तीन दिवस उठला नाही. आमच्यातल्या एकानं विचारलं, "त्या टेलवाल्यांनी तुला काय जावई करून घेतलंय का रं?" तर म्हणाला, "त्ये काय पाकिस्तानात हायती का? त्येंच्या रेशनकार्डावर बी त्योच शिक्का हाय, तुझ्या कार्डावरचा."

तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, देशाचं प्रेम म्हणून जे काय म्हणतात ते एवढ्याच मापाचं असावं. आपल्या गावच्या शिवेपलीकडच्या, कधी तोंड न पाहिलेल्या माणसाचा ऊसही आपलाच वाटावा, इतपत. ते अजिबात नसेल तर प्रत्येक जण आपापल्या गेटवर काठी घेऊन बसेल. रामहरीपाशी ते होतं. पण त्यानं कधी छातीवर बिल्ला लावला नाही की घोषणा दिली नाही. त्याचा आवाजच तसा नव्हता म्हणा. घोषणा द्यायला गेला तर ढास लागायची.

झेंड्याचं काम मात्र त्याच्याकडंच. खात्याच्या बंगल्यावर तो सव्वीस जानेवारीला झेंडा बांधायचा, म्हणून गावानंही त्यालाच धरला. एका हिसक्यात सुटेल अशी सरकगाठ, घडीत झेंडूच्या पाकळ्या, दोरी आदल्या दिवशी ताणून बघितलेली. सरपंच दोरी ओढणार, फोटो सरपंचाचा. संध्याकाळी झेंडा उतरवायला सकाळचं एकही माणूस नसायचं. रामहरी एकटा जायचा, उतरवायचा, गुडघ्यावर ठेवून घडी घालायचा. मी एकदा म्हणालो, "कंटाळा येत न्हाय का रे?" म्हणाला, "येतो की. पण कंटाळा आला म्हणून गेट उघडं टाकून जाता येतंय का?"

आता बायकोकडं वळतो. प्रयागबाई बारामती तालुक्यातल्या सांगवीची. रामहरी वर्षभरात जितकं बोलायचा तितकं ती सकाळच्या चहापर्यंत बोलून मोकळी. त्यांची वस्ती चारीच्या पलीकडं, आणि गाव अलीकडं. मधे पूल नाही. विजेचा एक मोडका सिमेंटचा खांब कुणीतरी आडवा टाकलेला, त्यावरून तोल सांभाळत यायचं. प्रयागबाई रोज यायची. देवळात टेकायची, चार घरं करायची, आणि पाचवं माझं. गावात कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या पोरानं ट्रॅक्टरचा हप्ता चुकवून मोबाईल घेतला, हे मला तिच्याकडूनच कळायचं. मी तिला दोन बातम्या द्यायचो, ती चार द्यायची. असा धंदा पुन्हा होणे नाही.

दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी, चारीला पाणी असताना, ती खांबावरून घसरली. खुबा मोडला. बारामतीला ऑपरेशन झालं, सळई घातली. आता वॉकर घेऊन अंगणापुरती चालते. कारखान्याच्या रस्त्यानं वळसा घालून यायचं तर पाच किलोमीटर, आणि मोटारसायकलवर तिला बसता येत नाही. म्हणजे दवाखाना सोडला तर तिनं गाव पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ती चारीच्या काठाला खुर्ची टाकून बसायची आणि अलीकडून जाणाऱ्याला हाक मारायची. लोक हात करायचे आणि निघून जायचे. पाण्यावरून ओरडून कुणी कुणाच्या सुनेबद्दल सांगत नसतं.

रामहरीनं पुलासाठी अर्ज दिला. चार-सहा पावलांचा पूल, जास्त काही नाही. ग्रामपंचायत म्हणाली, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घेऊ, मग वर पाठवू.

त्याच उन्हाळ्यात सरहद्दीवर तोफा वाजल्या होत्या आणि गाव तापलेलं होतं. टीव्हीवर रोज युद्ध, पारावर रोज विजय. आमचा सरपंच दिग्विजय, पस्तिशीचा, पोरगं तसं गुणी, कुणाच्या अडीअडचणीला फोन केला की दहा मिनिटांत हजर. त्याच्या डोक्यात आलं की गावात पंचाहत्तर फुटी झेंडा पाहिजे. इंदापूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्याला दिसला पाहिजे. आणि गावच्या निधीत त्या वर्षी एकच काम बसत होतं. एक तर झेंड्याचा खांब, नाहीतर पूल.

सभेच्या आदल्या दिवशी दिग्विजय वस्तीवर गेला. हे मला पुढं दोघांकडूनही कळलं, आणि दोघांचं सांगणं जुळलं, म्हणजे खरं असणार.

"आबा, खांबाला इरोध करू नका. तुमी झेंड्याचं माणूस. तुमीच आडवं पडला तर गाव काय म्हणंल?"

"मी झेंड्याला कुटं आडवा पडतोय? मला पूल पायजे."

"पुलाचं सोडा माझ्यावर. परवाच्याला जेसीबी आणतो, दोन सिमेंटच्या नळ्या चारीत टाकतो, वर मुरूम. दुपारपर्यंत मावशी गावात."

"खात्याची परवानगी?"

"परवानगी!" दिग्विजय हसला. "आबा, तुमी रिटायर झालाय."

"त्या नळ्यांत गाळ साचतो. पानी तुंबतं. टेलला पोचत न्हाय."

"टेलवाल्यांचं टेलवाले बघतील की."

रामहरी गप्प बसला. दिग्विजयला वाटलं होकार आला. रामहरीच्या गप्प बसण्याचा अर्थ छत्तीस वर्षांत कुणाला लागला नव्हता, तो या पोराला कुठून लागणार.

आता आमच्या ग्रामपंचायतीची एक पद्धत सांगितली पाहिजे. ग्रामसभेत प्रत्येक ठरावाला मांडणारा लागतो, तो सूचक, आणि पाठिंबा देणारा लागतो, तो अनुमोदक. पण आमच्याकडं झेंडा फडकला की बुंदीचा पुडा घेऊन लोक पांगतात. शेवटपर्यंत सतरंजीवर कोण, तर रामहरी. म्हणून आमचे ग्रामसेवक कुंडलिक भाऊसाहेब सभा होण्याआधीच प्रोसिडिंगचं बुक लिहून ठेवतात आणि अनुमोदक म्हणून डोळे झाकून रामहरीचं नाव घालतात. आभाराचा ठराव, अनुमोदक रामहरी. शोकठराव, अनुमोदक रामहरी. एकदा तर त्याच्याच निवृत्तीबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला, त्यालाही अनुमोदक रामहरी. तो आपला सही करायचा. लिहून ठेवलेलं कशाला खोडायचं, म्हणायचा.

पंधरा ऑगस्ट उजाडला. या खेपेला डीजे होता, पोरांच्या मोटारसायकलींची फेरी होती, प्रत्येक हँडलला झेंडा. रामहरीची गाठ एका हिसक्यात सुटली, पाकळ्या पडल्या, दिग्विजयचा फोटो निघाला. आणि खांबाचा विषय म्हणून या खेपेला सतरंजी भरलेली. पुढच्या रांगेत फेटेवाली पोरं.

रामहरी खिशात कागद घेऊन आला होता. पुलाबद्दल काय बोलायचं ते त्यानं लिहून काढलं होतं. भाऊसाहेबांनी बुक उघडलं आणि एका दमात वाचलं.

"विषय क्रमांक दोन. गावात पंचाहत्तर फूट उंचीचा ध्वजस्तंभ उभारणे. सूचक, सरपंच दिग्विजय. अनुमोदक, रामहरी."

टाळ्यांचा कडकडाट. पोरांनी रामहरीकडं वळून घोषणा दिली. एकानं त्याच्या गळ्यात तिरंगी पट्टी घातली. मी शेजारीच होतो. त्याचा हात खिशातच राहिला होता. मला वाटलं, संपलं. आता बसेल खाली आणि करेल सही.

तो उभाच राहिला. टाळ्या थांबल्यावर म्हणाला, "भाऊसायेब, माझं नाव खोडा."

"काय?"

"नाव खोडा. मी अनुमोदन दिल्यालं न्हाय."

भाऊसाहेबांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांची पेन्शन खोडायला सांगितली. "आबा, प्रोसिडिंगमध्ये खाडाखोड चालत नाही हो."

दिग्विजय उठला. आवाज गोड, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आबा, तुमी झेंड्याला नाही म्हणताय?"

"झेंड्याला न्हाय. खांबाला. दिग्विजय, पंचाहत्तर फुटावरचा झेंडा रोज उतरवणार कोण?"

"उतरवायची गरज न्हाय आता. नियम बदललाय. लाईट लावली की रात्रंदिवस ठेवता येतो. आन् उतरवायचा झालाच तर मोटार हाय."

"लाईट लावायची, मोटार चालवायची. आन् आपल्याकडं लाईट असती कवा?"

सतरंजीवर हशा पिकला. पण मागून कुणीतरी, तोंड दिसलं नाही, ओरडलं, "पाकिस्तानात जा मग!"

रामहरीनं वळून पाहिलंसुद्धा नाही. उत्तर दिलं वस्तीवरच्या गेणबानं. गेणबाची सगळी म्हसरं ह्याच चारीत धुतली जातात. "आरं येड्या," तो म्हणाला, "त्येच्या बायकूला चारी वलांडता येईना, आन् तू त्येला पाकिस्तानात कसला धाडतोयस!"

सभा हसली, डीजेवालाही हसला. पण रामहरी हसला नाही. त्यानं गळ्यातली पट्टी काढली, फेकली नाही, नीट घडी करून शेजारच्या पोराच्या हातात दिली. खिशातला कागद वाचायचं राहूनच गेलं. भाऊसाहेब म्हणाले, खाडाखोड झालेला ठराव वर जाणार नाही, दोन्ही विषय दोन ऑक्टोबरच्या सभेत. खांबही लटकला, पूलही लटकला. माणसं उठली. पोरं जाताना रामहरीच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. ज्यांना त्यानं कडेवर घेऊन चारीत पोहायला शिकवलं होतं, तीच.

मला त्या दिवशी फार थकायला झालं. भांडणानं नव्हे. आपल्या गावावर, आपल्या देशावर नीट प्रेम करायचं असेल तर मधेच एकदा हात वर करून "हे नको" म्हणता आलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट. आणि तेवढं म्हणायला सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपल्या सगळ्या आयुष्याची पत गहाण टाकावी लागावी, याचा शीण आला.

मी त्याच्याबरोबर वस्तीवर गेलो. चारीवरच्या आडव्या खांबावरून, बसत बसत, त्याचा हात धरून. प्रयागबाईला फोनवरून सगळं कळलेलं होतं. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक करेल. तिनं वॉकर आपटला.

"नळ्या टाकून देतो म्हणला हुता व्हय त्यो दिग्विजय?"

"व्हय."

"आन् तुमी न्हाय म्हणालात."

"बेकायदा हुत्या. टेलचं पानी..."

"टेल, टेल, टेल!" ती म्हणाली. "छत्तीस वर्सं टेलच्या लोकांसाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मी कदी काय बोलले? दीड वरीस झालं ह्या काठाला बसलीया. मी टेलला न्हाय का? माझ्यापत्तुर कदी पोचणार तुमचं पानी?"

रामहरी दगडावर बसला. "नळ्या टाकायला सांगू का मग?" त्यानं विचारलं. त्या आवाजात जे होतं ते मी कधी ऐकलं नव्हतं. गेटवर तीन दिवस बसलेला माणूस गेट उघडायला निघाला होता.

प्रयागबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, मी होतो म्हणून जरा चिडली. "आता कशाला?" ती म्हणाली. "गावादेखत येवढं बोलून आलाय, आन् आता चोरून नळ्या? लोक थुकतील तोंडावर. माझं म्हननं निराळं हाय. न्हाय म्हनायचं हुतं तर म्हनायचं, पर मला इच्यारून. तुमचं नाव त्या भाऊसायबानं न इच्यारता घातलं तर तुमाला राग आला. माझ्या पायाचं तुमी मला न इच्यारता ठरवून टाकलंत की."

मी तिथून निघालो. काही भांडणं मलाही ऐकवत नाहीत.

दोन ऑक्टोबरला गेणबानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घातली आणि पाच किलोमीटरचा वळसा घालून प्रयागबाईला सभेला आणलं. दीड वर्षानं ती गावात आली. आधी देवळात, मग चार घरं, मग सभेत. तोपर्यंत भाऊसाहेब ताटकळले. विषय आला तेव्हा ती वॉकर धरून उभी राहिली.

"मी प्रयागबाई. चारीवर पूल पायजे. खात्याची परवानगी घेऊन पायजे. नळ्या नकोत. झेंड्याचा खांब बी करा, मला काय वावडं न्हाय, पर आदी पूल. मला चालत झेंड्याला यायचं हाय."

पुढच्या रांगेत फेटेवाली पोरं होतीच. बाईमाणूस, त्यात मोडक्या खुब्याची, तिला कुठं जा म्हणणार? भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "सूचक प्रयागबाई. अनुमोदक..." आणि सवयीनं पेन रामहरीकडं वळलं.

"ह्येंचं नगं," प्रयागबाई म्हणाली. "ह्येंचं नाव लई स्वस्त झालंय. गेणबाचं ल्हिवा."

सगळ्यात मोठ्यानं दिग्विजय हसला. हात त्यानंच आधी वर केला. मी म्हणालो ना, पोरगं गुणी आहे. निधी पुलाला गेला. आणि खांबासाठी त्यानं गावोगावच्या देणगीदारांना धरलं, जानेवारीत खांब उभा केला. झेंडा वर गेला तेव्हा मीही फेटेवाल्या पोरांबरोबर ओरडलो, हेही सांगून टाकतो. एवढा मोठा झेंडा वाऱ्यावर पसरतो तेव्हा माणूस काही काळ शहाणा राहत नाही. मार्चच्या वाऱ्यात त्याची कड उसवली. झेंडा खाली आणायला मोटार लावली, आणि लाईट यायची वाट बघत पोरं दुपारभर बसली. रामहरीला कुणी बोलावलं नाही. तो शाळेचा छोटा झेंडा अजून बांधतो. पोरांतली निम्मी त्याला अजून रामराम घालत नाहीत.

पुलाचं काय? ठराव वर गेला, मंजूर झाला, खात्याच्या परवानगीला गेला. ज्या खात्यात रामहरीनं हाडं झिजवली, तिथल्या बाकड्यावर तो दर मंगळवारी एसटीनं जाऊन बसायचा. साहेब नवीन, त्याला ओळखत नव्हते. रामहरीनंही ओळख सांगितली नाही. मी विचारलं का रे, तर म्हणाला, "वळख सांगून लवकर झालं, तर ज्याची वळख न्हाय त्येचं मागं पडतं." मी कपाळावर हात मारला. असल्या माणसाशी संसार करणाऱ्या बाईचा खुबा नाही, डोकंच सलामत राहिलं हे नवल.

मार्चअखेर एक इंजिनिअर आला. टेपनं मापं घेतली आणि चारीच्या दोन्ही काठांना एकेक लाकडी खुंटी ठोकून गेला. काम कधी सुरू होईल, ते सांगितलं नाही.

परवा मी तिकडं गेलो होतो. पलीकडच्या काठाला प्रयागबाई खुर्ची टाकून खुंटीशेजारी बसली होती, हातात काठी. अलीकडच्या खुंटीशेजारी रामहरी, गोणपाटावर.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"शेरडं खुट्ट्या उपटत्यात, तात्या," प्रयागबाई पलीकडून ओरडली. "येकदा हालली तर परत मापं घ्यायला कोन येतंय? ह्येंना म्हणलं, तुमी त्या काठाला बसा, मी ह्या काठाला बसते."

"किती दिवस बसणार?"

"तुमच्याकडं काय बातमी असली तर सांगा तवर," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा. आता ऐकलं तर ऐकलं सगळ्यांनी."

मी रामहरीच्या शेजारी गोणपाटावर बसलो. चारीला पाणी सुटलेलं होतं, टेलकडं चाललेलं. रामहरीनं खुंटीला हात लावून बघितलं, घट्ट होती. मग मी गळा साफ केला आणि पाण्यावरून ओरडून सुरुवात केली.